निवडीचं कारण

चार हजार दोनशे मीटरवर
हवासुद्धा रेशनवर मिळते.
माणसाला इथे धाप लागते हे सगळ्यांना ठाऊक;
पंख्यालाही लागते, हे मला
पहिला चार्जर जळाला तेव्हा कळलं.
पाती जीव तोडून फिरत होती,
पण ढकलायला पुरेशी हवा नको का समोर?
आधी खडखड, आणि मग तो वास,
नख जळल्यासारखा.

त्या दिवशी लोडर खाणीच्या वळणावर
सात टन तांब्याचा दगड तोंडात धरून
तसाच उभा राहिला.
एलेउतेरियो चाकाला पाठ टेकून बसला,
थर्मासमधला रिका-रिकाचा चहा ओतत म्हणाला,
"नायादेत, डिझेलचा होता तेव्हा
मरण्याआधी खोकायचा तरी."

म्हणून आज टेबलावर तीन माहितीपत्रकं.
कालामाहून आलेला विक्रेता,
खिशात ऑक्सिजनचं नळकांडं,
पहिल्या पानावरच्या आकड्यावर बोट ठेवतो:
चाळीस मिनिटांत पूर्ण.
किती उंचीवर, मी विचारते.
तो पान उलटतो. मग आणखी एक.
तळाला मुंगीच्या अक्षरात:
हजार मीटरपर्यंत.
पुढची वजाबाकी मी पाकिटाच्या पाठीवर करते.
चाळीसचे होतात सत्तर.
तो नळकांडं नाकाशी नेतो.

दुसऱ्याला पंखाच नाही.
अंगभर ॲल्युमिनियमच्या चुण्या,
धुळीला शिरायला फट नाही. मला आवडतो.
एवढ्यात भटारखान्यातली ओतिलिया दारातून:
"हा त्या जळक्याएवढाच मोठा ना?
तो लावलात की माझी भट्टी बसायची.
मागे एकशे दहा पाव
अर्धे कच्चे वाढले मी, आणि शिव्या कुणी खाल्ल्या?"
सगळ्या तळाला वीज एकाच तारेनं येते.
तुलनेच्या तक्त्यात हा रकाना कुणी छापलेला नाही.
मी पेनानं आखते,
वर लिहिते: पाव.

तिसरा हळू.
त्याचा रंगही धड नाही, जुन्या बादलीसारखा.
पण तो आधी बॅटरीला विचारतो:
कशी आहेस, किती गार, कुठला सेल कुरकुरतोय.
पहाटे उणे चौदाला
घास कोंबत नाही,
आधी ऊब देतो, मग थेंब थेंब वाढतो.
आणि तिनं पुरे म्हटलं की थांबतो.
पुरे म्हणणाऱ्याच्या ताटात
आणखी एक सोपाइपिया सरकवणाऱ्या
माझ्या तीन आत्या आहेत.
माणसं त्यातून वाचतात.
बॅटऱ्या फुगतात.

विक्रेत्याला वाऱ्यात नेलं.
एलेउतेरियोला म्हटलं, हातमोजे न काढता जोड.
त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं
एकोणीसशे त्र्याण्णवच्या एका पट्ट्यात राहिली आहेत.
पहिल्याची केबल थंडीनं लाकूड झालेली;
खांद्यावर घेतली, वळेना,
प्लग निसटून खडीवर आपटला.
विक्रेता म्हणाला, सवय होईल.
एलेउतेरियो काहीच म्हणाला नाही,
हेच त्याचं म्हणणं.

तिसऱ्याची मूठ बसली. खट्.
त्यानं काढली, पुन्हा बसवली.
खट्.
तिसऱ्यांदा डोळे मिटून.
रात्रपाळीत दिवे गेले तर, म्हणाला.

व्यवस्थापक फोनवर: दोन तास? दोन तास?
मी म्हटलं, आपण जेवतो, पाळी बदलते,
शौचालयापुढे रांग लागते,
सगळं मोजलंय, होतात दोन तास.
तो यंत्र कधी दमतं ते विचारत नव्हता,
आपण किती वेळ बसतो ते विचारत होता.
मीही ते त्याला सांगून बसले.
आता पुढच्या आठवड्यात जेवणाची सुट्टी मोजायला
कुणीतरी घड्याळ घेऊन येईल.

मागणीपत्रात शेवटची चौकट:
निवडीचं कारण. जागा दोन ओळींची.
मी लिहिलं: उंची, थंडी, हातमोजे.
ओतिलियाचा रकाना
पाकिटाच्या पाठीवरच राहिला.
सही केली. पाकीट फेकलं नाही.
बाहेरून अजून ऐकू येत होतं, थांबून थांबून,
खट्.